फवारणीच्या पंपावर चाललेला कॉम्प्युटर

मे महिन्यात जळगावच्या पिंप्राळ्यातल्या आमच्या गच्चीवर पापड तासाभरात वाळतात. त्याच गच्चीखालच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आहे. इमारतींच्या थ्रीडी चित्रफिती बनवायला घेतल्या, की अर्ध्या तासात तो तापून आपोआप बंद पडायचा. पुण्याच्या एका कंपनीने नमुना म्हणून मला एक बंगला करायला दिला होता. शनिवारी दुपारपर्यंत चित्रफीत गेली तर काम घरून मिळणार, नाहीतर त्यांच्या ऑफिसात जाऊन बसायचं. ऑफिस म्हणजे रोज वीस माणसं, जेवणाची सुट्टी, आणि ‘तू एवढी गप्प का असतेस?’ शाळेत हाच प्रश्न मला इंग्रजीतून विचारायचे. मला घरूनच काम हवं होतं.

म्हणून कॉम्प्युटर पाण्याने थंड करायचं ठरवलं. प्रोसेसरवर बसणारा तांब्याचा ठोकळा कुणाचा तरी वापरलेला मिळाला. भंगार बाजारातून जुन्या गाडीच्या हीटरचं छोटं रेडिएटर आणलं. अडलं ते पंपावर. कॉम्प्युटरसाठीचा खास पंप यायला दहा दिवस लागणार होते. पण जळगावात माळ्यावर कूलरची जादा मोटर नाही असं घर नसेल. आमची काढली, तांदळाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरून त्यात सोडली आणि कूलरच्याच बोर्डात लावली.

गुरुवारी दोन तास सगळं झकास चाललं. मग लाईट गेली. इन्व्हर्टरवर आमच्याकडे पंखे आणि कॉम्प्युटर असतो, कूलर नसतो. बॅटरी खातो म्हणून. पंप थांबला, कॉम्प्युटर चालू राहिला आणि तापून बंद पडला. मोटर इन्व्हर्टरवर लावून पाहिली. ती नुसती गुणगुणत राहिली, पाणी काही चढवेना.

त्या दिवशी वडिलांचे मोठे भाऊ, आमचे नाना, शिरपूरहून मुक्कामाला आले होते. तिकडे त्यांचा कापूस आहे. डब्यात वाकून बघत म्हणाले, “हाई काय शे वो माय? कूलरनी मोटर आठे कसाले लाई दिधी?”

मला अहिराणी सगळी कळते, बोलायला लाजते. कूलरची मोटर इथे कशाला लावली, ते मी मराठीत सांगितलं.

“मंग मना फवारनीना पंप लाव ना. बॅटरीवर चालस. बठ्ठा कापूस फवारी टाकस, तुनं डबडं काय चीज शे!”

“नाना, त्यात विषारी औषध असतं,” आई स्वयंपाकघरातून ओरडली.

“कोरी मोटर शे. गाडीना डिक्कीमा पडेल शे, डब्बासकट.”

मी हसणार होते, तेवढ्यात डोक्यात आलं: ती मोटर बारा व्होल्टची असते. कॉम्प्युटरच्या आतही बारा व्होल्टची वायर असते. म्हणजे कॉम्प्युटर चालू तर पंप चालू, लाईट असो नसो.

नानांची मोटर आणली आणि तिला बारा व्होल्टची पिवळी वायर जोडली. मोटर एवढ्या जोरात सुटली की रेडिएटरची नळी निसटली आणि पाण्याची धार थेट नानांच्या पांढऱ्या सदऱ्यावर.

“आते मनाच कीडा मारस का?” नाना सदरा झटकत म्हणाले.

मग नळीला क्लिप आवळली आणि पिवळी सोडून पाच व्होल्टची लाल वायर घेतली. पाणी शहाण्यासारखं फिरू लागलं. आवाज मात्र राहिला, लांबच्या मळ्यातलं इंजिन चालावं तसा. शुक्रवारी लाईट दोनदा गेली. कॉम्प्युटरला पत्ताही लागला नाही. शनिवारी अकरा वाजता चित्रफीत पाठवली.

बारा वाजता पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. कंपनीच्या साहेबांना बंगल्याचा जिना आवडला होता. मग ते थांबले. “मागे कसला आवाज येतोय?”

खोटं सांगायचं मनात आलं, पण सुचेना.

“फवारणीचा पंप आहे, सर. कॉम्प्युटरला लावलाय.”

माझे कान तापले.

“दाखवा बघू.”

मी कॅमेरा वळवला. तांदळाचा डबा, नळ्या, आणि शेजारी खुर्चीवर ‘कसं काय’ म्हणत हात उंचावणारे नाना. साहेब खूप वेळ हसले. मग म्हणाले, “सोमवारपासून सुरू करा. घरूनच. फक्त मीटिंगमध्ये तुमचा माईक बंद ठेवत जा.”

मी लगेच हो म्हटलं.