पाठव तू, मी हाय तिथं

मी जोयड्याला एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. तुळसाक्काची बातमी मला तिथंच कळली. तिचा पुतण्या घाईघाईनं आत आला, एक आधारकार्ड माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाला, "वैनी, ह्येच्या दोन कॉप्या काढ." कार्डावर अक्काचा फोटो होता, कुणावर तरी रागावल्यासारखा. खऱ्या अक्काचा चेहरा असा कधीच नसायचा. मी म्हटलं, "आता आणि कुठं लागतंय हे? दवाखान्यात?" तो खाली बघत म्हणाला, "अक्काला बेळगावहून आणायला चाललोय. पहाटेच गेली ती..." मी काच पुसली, कार्ड पालथं ठेवलं, बटण दाबलं. पहिली कॉपी काळी आली म्हणून दुसरी काढली. त्या वेळी मला रडूसुद्धा आलं नाही, याचा मला अजून राग येतो.

तुळसाक्का माझ्या नात्यातली नव्हे. माझं माहेर खानापूरकडचं, लग्न होऊन गुंदच्या बाजूच्या एका वाडीत आले. नवरा गोव्यात कंपनीत, सासू-सासरे नाहीत, घरात मी आणि सात वर्षांची रेणू. अक्का आमच्या वाडीच्या शाळेत मुलांचं दुपारचं जेवण रांधायची. शाळा वाडीपासून अर्ध्या तासाची पायवाट, सगळी रानातून. सकाळी अक्का निघायची आणि तिच्यामागून वाडीतली सगळी पोरं. तिचं घर वाटेच्या तोंडालाच. तिथूनच पुढं मला जोयड्याची बस मिळायची. त्यामुळं रोज सकाळी आम्ही सगळ्या आया पोरांना घेऊन तिच्या अंगणात जमायचो, आणि ज्याच्या त्याच्या पोराचा निकाल तिथंच लागायचा.

निकालच म्हणायचा तो. शहरातल्या लोकांना हे सांगून पटणार नाही. तुमच्याकडं पोराला शाळेत बरं वाटेनासं झालं तर फोन येतो, तुम्ही रिक्षा करून घेऊन येता. आमच्याकडं घरात मोबाईलला रेंज नाही, शाळेतही नाही. मी एकदा बसमध्ये बसले की संध्याकाळच्या बसशिवाय परत येऊ शकत नाही. बाकीच्या बाया शेतात नाहीतर रानात कामाला. म्हणजे सकाळी जे ठरवलं ते दिवसभराचं. नाक वाहतंय, अंग जरा कोमट लागतंय, पोट दुखतंय म्हणतेय... पाठवू की ठेवू? ठेवली तर घरात कुणाजवळ ठेवू? सणकून ताप असला तर प्रश्नच नसतो हो, सगळं सोडून पोराजवळ बसायचं. जीव खातो तो हा असला अर्धामुर्धा आजार.

अक्का कपाळाला हात लावायची नाही. घरातली पेज वाटीत ओतून पोरापुढं ठेवायची, वर लोणच्याची फोड, आणि आपण दुसरीकडं बघितल्यासारखं करायची. पोरानं पेज संपवली की, "चल रे, लाग वाटेला." अर्धी ठेवली की त्याच्या आईकडं वळून, "पाठव तू, मी हाय तिथं." आणि वाटीला हातच लावला नाही तर नकाराची मान हलवायची, त्यावर कुणाचं काही चालायचं नाही. मी एकदा विचारलं, तुला कसं गं कळतं? तर म्हणाली, "रोज पंगतीत तोंडं बघतोय न्हवं आम्ही. कोण किती खातंय त्येच्यावरनं समदं कळतंय." तिला स्वतःला मूल नव्हतं. काही बाया पाठीमागं बोलायच्या त्यावरून. पण पोराला कणकण आली की त्याच बाया सकाळी पहिल्या तिच्या अंगणात हजर.

त्या "मी हाय तिथं"चा अर्थ शाळेत गेल्यावर कळायचा. स्वयंपाकखोलीला लागून तांदळाची पोती ठेवायची एक खोली आहे. पोत्यांच्या आड अक्कानं एक चटई आणि जुनी गोधडी ठेवलेली. आजारी पोर वर्गातून उठून तिथं जाऊन झोपायचं. अक्का डाळ ढवळता ढवळता उठून बघून यायची. शाळेच्या मास्तरांना ठाऊक होतं, ते कधी काही बोलले नाहीत. अशी सोय कुठल्या कागदावर नव्हती, पण आमची सगळी वाडी त्या चटईच्या जिवावर कामाला जात होती.

माझं आणि तिचं एकदा चांगलंच वाजलं होतं. रेणूनं पेज नाकारली आणि अक्का म्हणाली, आज न्हाई. बस समोर उभी होती. मी तापट बाई, तोंडाला येईल ते बोलले. "तुझं काय जातंय म्हणायला, तुला घरी कोण आहे सांभाळायला!" म्हणाले मी... असं बोलले. तिनं रेणूचं दप्तर माझ्या हातात दिलं आणि बाकीच्या पोरांना घेऊन चालू लागली. दुपारी रेणूच्या अंगावर गोवर फुलला. संध्याकाळी अक्का स्वतः कडुनिंबाचा पाला घेऊन दारात. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं सुनंदा, आधी चहा ठेव. पाय दुखाय लागल्यात माझं." एवढ्यावर मिटलं ते भांडण.

आणि मग ती सकाळ. पाऊस ओसरला होता, भात पोटरीला, लोंब्या धरायच्या बेताला आलं होतं. रेणूला सर्दी, अंग कोमट. तिनं अर्धी पेज ठेवली. अक्का म्हणाली, "पाठव तू, मी..." आणि खोकायला लागली. तिनं स्वेटर घातला होता, डोळे लाल होते. रेणूचं दप्तर घेताना तिचा हात माझ्या हाताला लागला. चटका बसावा इतका गरम. मी म्हटलं, "अक्का, तुलाच ताप आहे की! आज राहा घरी." ती हसली. "व्हय, हाय थोडा. पर मी ऱ्हायले तर रेणू कुठं ऱ्हाणार?" इतकं सरळ विचारलं तिनं. मला म्हणता आलं असतं, रेणूपण राहील आणि मीपण राहते, तुझ्याजवळ बसते. मी एक दिवस दुकानात गेले नसते तर जोयडा काही बुडत नव्हतं. पण वळणावर बसचा हॉर्न वाजला आणि मी बसकडं धावले. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, की ती जातेय.

दुपारी त्या दोघी त्याच चटईवर झोपल्या होत्या म्हणे, रेणू तिच्या कुशीत. दुसऱ्या दिवशी रेणू खडखडीत बरी झाली आणि अक्का अंथरुणातून उठलीच नाही. आधी जोयड्याला दाखवलं, मग बेळगावला नेलं. आठवडासुद्धा काढला नाही तिनं. डॉक्टर म्हणाले, काळीज आधीपासूनच कमजोर होतं, तापाचा ताण सोसला नाही. आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या पोरांची तोंडं बघून ती सगळं ओळखायची, तिच्या तोंडाकडं आम्ही कुणी नीट बघितलंच नाही.

आता दुसरी बाई येते रांधायला. चांगली आहे बिचारी, पण लांबून येते, तिला आमची पोरं अजून नावानं ठाऊक नाहीत. मागच्या पालकसभेला गेले तेव्हा मी त्या खोलीत डोकावले. चटई गुंडाळून पोत्यांवर ठेवली होती. सकाळी आम्ही आया अजूनही अक्काच्या बंद दारापुढं थांबतो, सवयीनं. एखादी विचारते, "काय गं, पाठवू काय हिला?" आणि सगळ्या एकमेकींकडं बघतो. कुणी हो म्हणत नाही, कुणी नको म्हणत नाही. मीही नाही.

गेला महिनाभर रेणूनं कशाचीच तक्रार केली नव्हती. पोट नाही, डोकं नाही. मला वाटलं, चला, देवानं तेवढं तरी बघितलं. परवा सकाळी मी मागच्या दारी गेले तर ती टाकीपाशी उभी राहून तोंडावर थंड पाणी मारत होती. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. कपाळ पुसायची, हात लावून बघायची, परत पाणी. मी जवळ जाऊन मानेला हात लावला. मान तापलेली होती.

"रेणू! अगं, ताप आहे तुला. सांगितलं का नाहीस?"

ती चटकन मागं सरकली. "मला हात लावू नको, आई."

"का गं?"

"तुला लागंल. अक्काला माझाच लागला न्हवं?"

मी म्हटलं, नाही गं बाळा, अक्काचं काळीजच दुखत होतं, डॉक्टरांनी सांगितलंय. तिनं ऐकून घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, "मग तू बाबांना का सांगत होतीस? रेणूला पाठवलं नसतं तर अक्का ऱ्हायली असती, असं... तू रडत होतीस त्या दिवशी."

त्या दिवशी अक्काला शेवटचं पोचवून आल्यावर रेंजसाठी आम्ही टेकाडावर गेलो होतो. नवऱ्याला फोन लावून मी बोलले होते ते, ढसाढसा रडत. रेणू दगडांशी खेळत होती. मी दोष माझ्या डोक्यावर घेत होते. तिनं तो ऐकला आणि स्वतःच्या डोक्यावर घेतला.

तिला काय सांगू? चूक तुझी नाही, माझी आहे, हे सात वर्षांच्या पोरीला कसं समजावू? आणि माझी तरी आहे का, हेही मला नक्की ठाऊक नाही. विचारायचं तर कुणाला?

परवा मी तिला शाळेला पाठवलं नाही. बस गेली, मीही गेले नाही. पेज केली, तिला मांडीवर घेऊन बसले. ती बसली. फक्त सारखं तोंड भिंतीकडं फिरवत होती, श्वास माझ्या अंगावर येऊ नये म्हणून.