दूध उतू जाईना

रंगभूमीवर मी पुष्कळ राज्यं जिंकली आणि प्रयोग संपल्यावर पुठ्ठ्यासकट ट्रकात भरली. स्वतःची म्हणावी अशी जागा मिळाली ती म्हातारपणी, चेन्नईच्या मैलापुरात. दोन खोल्यांचा फ्लॅट, भाड्याने द्यायला; मी राहतो वर गच्चीवरच्या खोलीत. राजा मी, पण राज्य चालवते त्रिपुरसुंदरीबाई.

तंजावरी मराठी घरातली ही बाई परगावच्या कितीतरी मालकांची घरं सांभाळते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती जिना चढू लागली की घुंगरं वाजतात असं वाटून मी सवयीने विंगेत सरकतो. घर हाती घेताना ती आधी सगळे नळ सोडते, मग संडासाची टाकी, आणि मग मालकाशी बोलते. भाडेकरू पारखायची तिची रीतही न्यारी. "गप्प बसतो तो घर बुडवतो, राव. आल्या आल्या कुरकुर करतो तोच टिकतो."

यंदा मात्र फ्लॅट उन्हाळ्यापासून रिकामा होता. पुण्याहून माझा मुलगा तन्मय फोनवर म्हणाला, "बाबा, आडी महिन्याआधी भाडेकरू नाही आला, तर घर ॲपवाल्या कंपनीला देऊ. बाईंना नारळ द्या." आडी हा तमिळ पंचांगातला महिना, त्यात चेन्नईतलं कुणी बिऱ्हाड हलवत नाही, म्हणजे पुढचा महिनाही रिकामाच जाणार. फोन स्पीकरवर होता आणि त्रिपुराबाई समोर बसली होती. ती तमिळमध्ये एवढंच म्हणाली, "शरी," म्हणजे बरं. त्या दिवसापासून जिन्यावर तिच्या किल्ल्या वाजेनाशा झाल्या.

आडीच्या आदल्या दिवशी तिने गिऱ्हाईक आणलंच. रम्या नावाची नोकरदार सून आणि तिच्या सासूबाई, अन्नपूर्णाबाई. बोलणी झाली होती. राहुकाळाआधी नव्या घरात दूध उतू घालवायचं, की घर त्यांचं, सामान मागाहून.

मी उदार मालक! टी. नगरच्या बाजारातून इंडक्शनची शेगडी भेट आणली होती. दुकानदाराने छातीठोक सांगितलं होतं, "सार, यावर दूध कधीच उतू जात नाही." मी भारावून घेतली. स्वयंपाकाशी माझा संबंध नाटकातल्या लाकडी लाडवांपुरता.

त्याच शेगडीवर पातेलं चढवलं. दूध वर आलं. आम्ही हात जोडले. शेगडी "टुंग" म्हणाली आणि दूध निमूटपणे खाली बसलं. पुन्हा लावली. पुन्हा टुंग.

अन्नपूर्णाबाई पदर सावरत उठल्या. "चल रम्या. घराची इच्छा नाही."

"अय्यो, अत्ते, मशीन आहे ते!" रम्या सासूपुढे कळवळली.

"घराची इच्छा आहे, अम्मा," त्रिपुराबाई म्हणाली, "मालकाच्या शेगडीची नाही." माझ्याकडे तिने असं पाहिलं, की मी सगळे संवाद विसरलो. मग कानात म्हणाली, "राव, बाईंना बसवून ठेवा." आणि धावत जिना उतरली.

एकदा नायकाची मिशी हरवली होती, तेव्हा मी एकच नांदी प्रेक्षक जांभया देईपर्यंत आळवली होती. तीच काढली. गणपतीचं नाव ऐकताच अन्नपूर्णाबाई हात जोडून खाली बसल्या. देवाचं गाणं अर्धवट टाकून उठणार कशा? मी प्रत्येक ओळ उलटीसुलटी घोळवली. दम संपला तेव्हा उंदरालाही आळवलं.

तेवढ्यात किल्ल्या खणखणल्या. दारात त्रिपुराबाई, मागे कोपऱ्यावरचा चहावाला बर्नर घेऊन, त्याच्या मागे खांद्यावर सिलिंडर घेतलेलं एक गिऱ्हाईक, आणि त्याच्या मागे रिकामे ग्लास घेऊन बाकीची गिऱ्हाइकं. चहा सोडून जाणार कुठे बिचारी?

ज्योत भडकली. दूध चढलं, फुगलं आणि ओट्यावरून थेट माझ्या धोतरावर आलं.

"पोंगिडुच्चु! उतू गेलं!" सगळे ओरडले. असा टाळ्यांचा कडकडाट मी निवृत्त झाल्यापासून ऐकला नव्हता.

या गोंधळात चहावाल्याने हाताच्या सवयीने उरलेल्या दुधात चहाची पूड टाकली. शुभशकुनाच्या दुधात! अन्नपूर्णाबाईंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "साखर बेताची घाल," त्या म्हणाल्या.

मी ओट्याशी धोतर पिळत असताना तन्मयचा फोन आला. "बाबा, ॲपवाल्यांना काय कळवू?"

"विचार त्यांना, सिलिंडर घेऊन जिना चढतील का."

त्याला काहीच कळलं नाही. तेवढ्यात आतून अन्नपूर्णाबाई कडाडल्या, "अहो बाई, हा मोरीतला नळ ठिबकतो! असलं घर देतात का लोकांना?"

त्रिपुराबाईचा चेहरा उजळला. ग्लास खाली ठेवून ती निघाली, किल्ल्या वाजवत.

"टिकणार, राव," ती म्हणाली.