औशाच्या दुष्काळात, चिमुकल्यांचे दात बघत

"दुष्काळात लातूरला फिरायला कोण जातं?" नवऱ्यानं विचारलं. मी नांदेडची. सुट्टी मिळाली की किल्ले, लेणी हिंडते आणि इथं लिहिते. पण या वेळी बोलावणं शैलाचं होतं. ही माझी कॉलेजची मैत्रीण औशाकडं सरकारी दवाखान्यात दातांची डॉक्टर आहे आणि गावोगावच्या अंगणवाड्यांत जाऊन लहान पोरांचे दात तपासते. फोनवर म्हणाली, "किल्ले लई बघितलेस. तीन दिवस माझ्यासोबत फीर. औशाचा किल्लाबी दाखवते, मग तर झालं?"

नांदेडहून लातूरला एसटीनं चार तास धरा. उन्हाळ्यात सकाळची पहिली गाडी गाठा आणि खिडकी डावीकडची नको, ऊन तिकडूनच येतं. लोहा, अहमदपूर मागं पडलं तशी दोन्ही बाजूंची शेतं नुसती उघडी मातीची होत गेली. माझ्या मागं दोन म्हातारे बोलत होते.

"उदगीर आता जिल्हा होणार म्हणं."

"होऊ द्या की. पाटी बदलंल. नळ कुठं बदलतोय?"

लातूरला लॉजवाल्यानं खोलीच्या चावीबरोबर बजावलं, दिवसाला एकच बादली. प्यायचं पाणी सोबत घेऊन जा, एवढंच सांगते.

दुसऱ्या दिवशी सातलाच औसा गाठलं. शब्द दिल्याप्रमाणे शैलानं किल्ला दाखवला. तटावरून गाव छान दिसतं, पण उन्हं चढायच्या आत उतरा. खाली येऊन मिरचीभजी आणि चहा घेतला आणि दवाखान्याच्या जीपनं एका छोट्या गावी पोचलो.

अंगणवाडीच्या सेविका रेखाताईंनी वीसेक पोरं सतरंजीवर बसवून ठेवली होती. शैला खाली मांडी घालून बसली. एकेकाचा वरचा ओठ अंगठ्यानं अलगद उचलायचा, बॅटरीचा उजेड टाकायचा, बस. "हिरडीजवळ पांढुरकी रेघ दिसते ना, ती किडीची सुरुवात," ती मला म्हणाली. "या वेळेला वार्निश लावलं आणि घासणं सुधारलं, तर दात बहुतेक वाचतो. पण रेघ दुखत नाही. म्हणून कुणी येत नाही." ज्यांना गरज होती त्यांच्या दातांवर ती बारीक ब्रशनं फ्लोराइडचं वार्निश फिरवत होती. पोरं चव बघून तोंडं वाकडी करत होती.

मग संगीता आली. कडेवर वर्षाचा मुलगा, हाताला चार वर्षांची आराध्या. पोरीचा उजवा गाल एवढा सुजला होता की डोळा अर्धा मिटलेला. दोन दिवस तिनं काही खाल्लं नव्हतं.

"हिच्या दाताला मिश्री लावतेय मी," संगीता म्हणाली. "दुधाचाच दात हाय. पडंल की आपोआप."

शैलानं आराध्याच्या कपाळावर हात ठेवला. तिचा आवाज एकदम खाली आला. "ताई, हिला ताप आहे. सूज डोळ्याकडं चढतेय. पू आत पसरला तर जिवावर बेतंल. आत्ता, याच जीपनं चला."

संगीता जागची हलली नाही. "आज टँकर हाय. मग पुन्हा तीन दिवसांनीच येईल. मालक पुण्याला कामावर. आज न्हाई भरलं तर लेकरांना काय पाजू?"

"शेजारीण भरंल की."

"तिचं तिलाच पुरत न्हाई."

मी काही विचार केला नाही. "तुमच्या घागरी दाखवा," म्हटलं, "मी उभी राहते."

मग रेखाताईंनी संगीताच्या पाठीवर हात ठेवला आणि ती लेकरं घेऊन शैलाच्या मागोमाग जीपमध्ये चढली.

चार घागरी आणि एक कळशी. टँकर एकच्या सुमाराला आला. रांगेत माझ्या पुढची बाई वळली. "तुम्ही कुठल्या? ही रांग गावाची हाय."

"घागरी संगीताच्या आहेत. ती आराध्याला घेऊन दवाखान्यात गेलीय."

"खरं हाय," रेखाताई मागून म्हणाल्या.

माझा नंबर आल्यावर पाइप त्या बाईनंच धरला. पहिली घागर डोक्यावर घेताना मी अर्धी सांडली. आज सांडलेल्या पाण्याचं मोल मला कळत होतं. कुणी हसलं नाही. त्या बाईनं स्वतःच्या पदराची चुंबळ वळून माझ्या डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "परत भरा. संगीताची एक घागर जास्त धरू."

दिवस मावळायला संगीता परतली. आराध्याला इंजेक्शन दिलं होतं, साठलेला पू काढला होता, दुसऱ्या दिवशी पुन्हा न्यायचं होतं. पोर आईच्या खांद्यावर गाढ झोपलेली. संगीता आधी घागरींपाशी गेली, एकेकीवरचं झाकण उचलून बघितलं आणि मग खालीच बसून रडली.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणवाडीत न बोलावता आया आल्या होत्या. एकीनं विचारलंच, "डॉक्टरीणबाई, प्यायला पाणी न्हाई, चुळा कुठून भरवू?"

"चुळा नकोच," शैला म्हणाली. "तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट घ्या, तुम्ही स्वतः घासा, थुंकायला लावा. धुतलं नाही तर पेस्टमधलं औषध दातावर टिकतं." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पाणी लागत नाही असं दुष्काळात त्यांना पहिल्यांदाच कुणी सांगत होतं. मग शैलानं प्रत्येकीला आपल्या लेकराचा ओठ उचलून बघायला लावलं.

नांदेडला परतून आठ दिवस माझी मान दुखत होती. नळाखाली भांडी घासताना हात आपोआप तोटी बंद करायला जायचा. नवऱ्यानं विचारलं, काय बघितलंस? मी किल्ल्याचे फोटो दाखवले आणि उरलेलं सांगायला रात्रीचं जेवण पुरलं नाही.

महिन्यानं शैलाचा फोन आला. आराध्याचा दात काढावा लागला होता. आता ती भाकरी खाते.

"आणि ऐक," ती म्हणाली. "संगीता सकाळी धाकट्याला घेऊन आली होती. बसच्या फाट्यापर्यंत उन्हात चालत. त्याच्या दातावर तिला रेघ दिसली म्हणून."

"दुखत होतं का त्याचं?"

"न्हाई गं," शैला म्हणाली. "हसत होता."