दुसऱ्याच्या कानानं

डिझेल मेकॅनिकचा ट्रेड मी एकतीस वर्षं शिकवला, आधी अकोल्याच्या आयटीआयमध्ये आणि नंतर अमरावतीच्या. एवढ्या वर्षांत मी इंजिनं किती उघडली आणि किती जोडली ते मलाही सांगता यायचं नाही, पण त्यातलं एकही कधी कुठं गेलं नाही. वर्कशॉपमधली इंजिनं लोखंडी स्टँडवर बसवलेली असतात. किल्ली फिरवली की धडधडतात, धूर सोडतात, पोरं खूश होतात, आणि पाच वाजले की आपण शटर ओढून घरी. इंजिन तिथंच. मला त्यांची कीव यायची. लोक गाईम्हशींची कीव करतात, मी इंजिनांची करायची.

म्हणून निवृत्त झाल्यावर मी एका शाळेची जुनी मिनीबस घेतली आणि तिचं घर केलं. सीटा काढून दोन दिवाण बसवले, ओटा केला, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना जाळ्या. तीन वर्षं लागली. गल्लीतले लोक तिला मॅडमचा रणगाडा म्हणायचे. म्हणोत. अमरावतीहून निघायचं, पहिला मुक्काम अकोल्यात करायचा, जिथं मी नोकरीला लागले होते तिथं गाडी उभी करायची, आणि मग दक्षिणेकडे निघायचं ते कन्याकुमारीपर्यंत. दोन महिने. आम्ही दोघंच.

दोघं म्हणजे मी आणि माझे मिस्टर. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. बोलणं मऊ, अक्षर सुंदर, हात स्वच्छ. माझ्या नखांत काळं आणि त्यांच्या बोटांवर खडू, असा आमचा संसार. गाडीबद्दल मी त्यांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हो न. तू नेशीन तिथं." त्यानंतर तीन वर्षं पडद्याचा रंग विचारला तरी हो, दिवाणाची उंची विचारली तरी हो.

या 'हो'चं मला काय कौतुक होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या आयुष्यात बाकी सगळे 'नाही' म्हणणारेच होते. माझा बाप बार्शीटाकळीचा. तो म्हणाला, पोरीनं शिवणकाम घ्यावं. फॉर्म घेणारा कारकून म्हणाला, ताई, चुकून डिझेलवर खूण केली तुमी. मोठ्या सासूबाई म्हणाल्या, बाई माणसाच्या अंगाले ग्रीसचा वास. आमच्या वऱ्हाडात माणसं तोंडावर बोलतात, आडपडदा नाही. मला पाहायला पाहुणे आले तेव्हा मीही तोंडावरच सांगून टाकलं होतं, माझ्या कपड्यांना डिझेलचा वास येतो आणि तो जात नाही. मुलगा म्हणाला, "येऊ द्या." त्या दोन शब्दांवर मी जन्म काढला. माझ्या बॅचमधल्या पोरींना, फार नसायच्या, दोन-तीन, मी सांगायची की नवरा बघताना हुंडा नका बघू, हो म्हणणारा बघा.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही हॉलमध्ये बुद्धाच्या फोटोसमोर मेणबत्त्या लावून वंदना घेतली. मी दशम्या बांधल्या, चटणी घेतली. ते त्यांची बॅग घेऊन गाडीत बसले. मी किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, चांगला जोरात फिरला, पण इंजिन पेटलं नाही. तीन वेळा केलं. धूरसुद्धा नाही.

खरं सांगू, मला आनंदच झाला. आता बघा गंमत, असं मनात म्हणत मी साडीचा पदर खोचला आणि बॉनेट उघडलं. स्टार्टर जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी ठीक. धूर नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. मग क्रमानं जायचं. सगळ्यात आधी पंपावरचा वॉल्व. किल्ली फिरवली की त्याला करंट मिळतो, तो उघडतो, आणि टक असा बारीक आवाज येतो. तो उघडला नाही तर डिझेल पंपापर्यंत येतं आणि तिथंच अडतं. टक वाजलं तर वॉल्व बरा, पुढं जायचं.

आता माझे कान. एकतीस वर्षं इंजिनांनी खाल्ले ते. ढोल ऐकू येतो, बारीक आवाज येत नाही. दूध उतू जातानाचा आवाज, फोनची घंटी, दारावरची टकटक, हे सगळं घरात मिस्टरांनी ऐकायचं आणि मला सांगायचं, अशी आमची वाटणीच होती. मी त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि ओरडले, "फिरवा किल्ली. टक वाजलं का?"

"वाजलं," ते म्हणाले.

"पक्कं?"

"हो, वाजलं न."

मग मी पुढं गेले. टाकीत डिझेल होतं. फिल्टर काढला, नवा बसवला. हातपंप दाबून दाबून लाईनमधली हवा काढली, अंगठा सुजला. बुडबुडे संपले, स्वच्छ डिझेल आलं. स्टार्टर मारला, काही नाही. लाईनीचे जोड एकेक पाहिले. इंजिनाकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट सैल केले आणि मिस्टर किल्ली फिरवत असताना बघितलं, तर तिथं थेंब नाही. पंपात डिझेल जातंय आणि बाहेर येत नाही. तोवर तीन तास झाले होते. ऊन डोक्यावर आलं होतं, ब्लाऊज पाठीला चिकटलं होतं. मिस्टर मधूनमधून पाणी आणून देत होते. "थकली तू. आज राहू दे न," असं दोनदा म्हणाले. मला वाटलं, किती काळजी.

पंपच गेला असेल तर प्रवास गेला. पंप उतरवायचा, पाठवायचा, पार्ट मिळेपर्यंत थांबायचं, तोवर पाऊस. मला रडू यायला लागलं. मी अकोल्याला फोन लावला. तिथं माझ्या अगदी पहिल्या बॅचमधला एक जण पंप दुरुस्तीचं दुकान चालवतो, आता त्याच्याच दाढीत पांढरे आलेत. त्याच दिवशी दुपारी आम्ही त्याच्याकडे जेवायला जाणार होतो. मी त्याला सगळं क्रमानं सांगितलं.

"मॅडम, वॉल्वचं टक झालं का?" त्यानं विचारलं.

"झालं."

"तुमी आयकलं?"

"मिस्टरांनी ऐकलं."

तो हसून म्हणाला, "मॅडम, तुमीच शिकवलं होतं न आमाले. दुसऱ्याच्या कानानं इंजिन आयकू नका. मालक सांगन त्याच्यावर जाऊ नका, सोता हात लावून पाहा."

मी वर्गात हे वाक्य दरसाल म्हणत आले. पाठ झालं होतं मला. पण ते गिऱ्हाइकासाठी होतं हो, नवऱ्यासाठी नव्हतं.

मी पंपाच्या मागं हात घातला. वॉल्वच्या टोकावर एक छोटा नट असतो आणि त्याखाली एक तार. नट बोटाला लागला. तार लागली नाही. खाली वाकून टॉर्च मारून पाहिलं. तार काढून रबरी होजच्या मागं खोचलेली होती. तिच्या टोकाला काळी टेप होती, दोन वेढे, शेवट दुमडलेला. आणि नट परत जागेवर लावलेला, हातानं घट्ट.

काढलेला नट जिथला तिथं परत लावायचा, म्हणजे हरवत नाही. तारेचं टोक उघडं सोडायचं नाही, टेप लावून शेवट दुमडायचा. हे मी कुणाला शिकवलं होतं? हजारभर पोरांना शिकवलं असेल, पण माझ्या अंगणात येऊन माझ्या गाडीला हात लावणारा त्यातला कोणी नव्हता. मागच्या दिवाळीत मिस्टरांना शेजारी उभं करून मी हीच तार दाखवली होती. म्हटलं होतं, रस्त्यात गाडी सोडून कुठं गेलो तर एवढी तार काढून ठेवायची, मग कोणाच्या बापाला गाडी सुरू करता येणार नाही. चोरासाठी शिकवलं होतं मी ते. त्यांनी वहीत लिहून घेतलं होतं, आकृतीसकट.

तार बोटात धरून मी बॉनेटच्या आड उभी होते. त्यांना मी दिसत नव्हते. तेव्हाही मला वाटलं, माणसाला एक संधी द्यावी.

"अजी," मी ओरडले, "सकाळी टक वाजलं होतं न?"

"हो," आतून आवाज आला. "वाजलं होतं."

मी तार जोडली, नट आवळला, नळ्यांचे सैल केलेले नटही आवळले. मग त्यांना खाली बोलावलं आणि टेपचा तो तुकडा दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, बघितलं आणि म्हणाले, "उंदरानं कातरली असन."

"उंदीर नट परत लावत नाही," मी म्हणाले.

ते खाली बघत राहिले. एवढा मोठा माणूस, शाळेत पोरं ज्याला घाबरायची, वहीत कॉपी सापडलेल्या पोरासारखा उभा. मग बोलले. "मले घराबाहेर गमत नाही. झोप येत नाही. मले वाटलं, दोन-चार दिवस सुरू नाही झाली, तं तुह्याच मनातून उतरन. मंग मी जोडून देल्ली असती."

"म्हणजे मले सापडणार नाही असं वाटलं तुमाले."

यावर ते बोलले नाहीत, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागलं. गाडी अडवली, एक वेळ समजू शकते. पण ज्या कामानं माझे कान गेले, त्या कामात मी चार दिवस आंधळ्यासारखी चाचपडत बसेन, हा हिशेब त्यांनी मांडला होता. आणि मी चाचपडत असताना ते मला पाणी आणून देणार होते. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

"मग तोंडावर नाही म्हनता येत नव्हतं? तीन वर्षं होती तुमच्याजवळ. आता म्हना. एकदा म्हना, मी येत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट पाहत होते. शपथेवर सांगते, त्यांनी 'नाही' म्हटलं असतं तर मी अर्ध्या तासात शांत झाले असते. कदाचित गाडी आठ दिवसांसाठीच काढली असती, कदाचित चिखलदऱ्याला जाऊन परत आलो असतो.

ते वळले, गाडीत चढले, सीटवर बसले आणि पट्टा लावला. "चाल," म्हणाले. "बसलो न मी."

मी किल्ली फिरवली. नळ्यांतली हवा निघेपर्यंत चार फेऱ्या गेल्या आणि मग इंजिन पेटलं. सबंध गाडी हलायला लागली. ज्या क्षणाची मी एकतीस वर्षं वाट पाहिली तो असा आला, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. मी खाली उतरले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं आणि त्यांची बॅग उचलून घराच्या पायरीवर ठेवली. बॅग हलकी होती. दोन महिन्यांचे कपडे असे नसतात. मी ती उघडून पाहिली नाही, मला वजनावरून कळतं.

"उतरा," मी म्हणाले.

उतरायलाही त्यांनी 'हो'च म्हटलं.

बडनेऱ्याच्या पुढं रस्ता मोकळा लागला. मी गाडी पळवली नाही, पण थांबवलीही नाही. मागं ताटल्या वाजत असतील, मला ऐकू येत नव्हत्या. बाजूची सीट रिकामी होती आणि मला तिकडे बघवत नव्हतं. मी मोठ्यानं शिव्या दिल्या, मास्तरणीच्या तोंडी न शोभणाऱ्या, आणि मग रडले. आणि रडता रडता माझं डोकं त्याच्या सवयीप्रमाणे मागं मागं जाऊन एकेक जोड तपासायला लागलं. अमरावतीला बदली घेऊ का विचारलं, ते 'हो' म्हणाले होते. दुसरं मूल नको म्हटलं, ते 'हो' म्हणाले होते. माझ्या आईला शेवटच्या दिवसांत आमच्याकडे आणलं, तेव्हाही हो. तेव्हा घरात कुठली तार काढून ठेवली होती त्यांनी, जी मला दिसली नाही? बदलीची ऑर्डर एकदा सहा महिने लटकली होती. का लटकली होती?

मूर्तिजापूरला चहासाठी थांबले तेव्हा हातातला फोन थरथरला, त्यांचा होता. जेवली का, विचारलं. गाडी बरोबर चालते का, विचारलं. मी म्हटलं, चालते. मग म्हटलं, "एक विचारते. मले पाहाले आले होते, तवा मी म्हटलं होतं कपड्याले डिझेलचा वास येते. तुमी म्हनले, येऊ द्या. ते खरं होतं का?"

"हो," ते म्हणाले. लगेच म्हणाले. "खरं होतं न."

माझा डावा कान उजव्यापेक्षा जरा बरा आहे. मी फोन तिकडे घेतला, दुसऱ्या कानावर हात धरला आणि म्हटलं, परत सांगा.

"हो," ते म्हणाले.

सकाळी 'वाजलं' म्हणाले होते, तोच आवाज. मला काही फरक ऐकू आला नाही.