राळ लावलेला पट्टा

सहदेव चुकतो तेव्हासुद्धा इतक्या खात्रीने चुकतो, की समोरच्याला वाटावं आपलंच काहीतरी चुकतंय. अंधेरीच्या चाळीत त्याच्या भिंतीला भिंत लावून मी अकरा वर्षं काढली आहेत. तेव्हा हे मी नाही सांगायचं तर कोणी?

तो जन्माने न्हावी. बाप कणकवलीकडे वाड्यावाड्यांतून फिरून हजामती करायचा. सहदेवला ते नको होतं. अठराव्या वर्षी तो मुंबईला आला आणि परळच्या एका गिरणीत चिकटला. वीस वर्षं त्याचं काम एकच, मागांना फिरवणारे चामड्याचे पट्टे ताणायचे, तुटले की जोडायचे. मग संप झाला. त्र्याऐंशीची दिवाळी आली तरी गिरणीचं बोलावणं आलं नाही. ते येणार नाही हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं होतं, फक्त सहदेवला सोडून. शेवटी त्याच्या बायकोने, नलिनीने, ट्रंकेच्या तळातून सासऱ्याचा वस्तरा काढला आणि त्याच्या चहाशेजारी ठेवला.

"हा गंजायच्या आत काय ते ठरवा," एवढंच म्हणाली.

स्टेशनाजवळ दत्तारामकाकांचं दोन खुर्च्यांचं सलून होतं. काका म्हणजे सहदेवच्या बापाचे चुलतभाऊ. दुसऱ्या खुर्चीचा कारागीर गावी गेला तो परतलाच नव्हता. काकांनी सहदेवला सरळ अट घातली.

"आयतवारी नऊ वाजता माझी दाढी कर. रगात इला, तर खुर्ची जुहूच्या कारागिराक. तो साडेधा वाजता येतलो. वस्तरो बापाशीचो चलात, पण पट्टो सोताचो घेवन ये. दुसऱ्याच्या पट्ट्यार वस्तरो चढवूचो नाय."

दगडावर घासून वस्तऱ्याला धार येते. पण ती गालावर चालायला हवी असेल, तर आधी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवून सरळ करावी लागते. ते नीट झालं नाही तर ती दाढी नव्हे, सोलणं.

गुरुवारी पट्टा निवडायला सहदेव मलाही घेऊन गेला. सलूनचं सामान विकणाऱ्याने एक लालभडक, चकचकीत पट्टा पुढे केला. सहदेवने तो दुमडला, हुंगला आणि परत दिला.

"हा रंग आहे रे, चामडं नाही."

दुसरा पट्टा त्याला लाकूड वाटला. तिसरा ताणून त्याने मला दाखवला, "बघ, मध्ये झोळी पडतेय." दुकानदार इतका वैतागला, की त्याने आम्हाला पंख्याखालून उठवलं. तिथून आम्ही चपला शिवणाऱ्या लहूकडे गेलो. लहूच्या ढिगातून सहदेवने म्हशीच्या कातड्याची एक लांब पट्टी ओढून काढली. तिच्यावरून तळवा फिरवताना तो पहिल्यांदा हसला.

"पाठीचं आहे. पोटाचं ताणतं, पाठीचं नाही. वीस वर्षं काय मी झक मारली काय?"

पट्टा झकास होता, यात वादच नाही. सहदेवला खुर्ची मिळाली असं मी मनात धरूनसुद्धा चाललो.

रविवारी माझीही दाढी वाढलेली होती, म्हणून तमाशा बघायला बाकावर जाऊन बसलो. काकांनी पट्टा हातात घेतला, वाकवला, मान डोलावली. मग त्यावरून अंगठा ओढला. अंगठा अर्ध्यातच अडकला.

"मेल्या, ह्या काय फासलंस?"

"राळ," सहदेव ऐटीत म्हणाला. "तेलात कढवून काल संध्याकाळी लावली. रात्रभर मुरू दिली. आता घसरायची बात नाही."

काका आधी त्याच्याकडे बघतच राहिले, मग इतके हसले की त्यांना खोकला आला. गिरणीत पट्टा चाकावरून घसरला की माग बंद, म्हणून त्याला राळ लावतात. सलूनच्या पट्ट्यावरून वस्तरा घसरलाच पाहिजे. हे सहदेवला कळायला दोन क्षण लागले. कळलं तसा त्याचा चेहरा उतरला. मी हसलो, आणि मग नलिनीवहिनी आठवल्या, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

"वीस वर्सा गिरणीत फुकट घालवलंस," काका डोळे पुसत म्हणाले. "जा घरी."

सहदेव गेला नाही. घड्याळात सव्वानऊ झाले होते. त्याने पट्टा खिळ्याला अडकवला, वस्तरा उघडला आणि डावा तळवा पसरला. वस्तऱ्याची पाठ पुढे, धार मागे, असा तो तळव्यावरून ओढू लागला. सावकाश, मनगटाकडून बोटांकडे आणि उलट.

काकांचं हसू थांबलं.

"ह्या कोणी शिकवला?"

"कोणी नाही. बाबा करायचे. वाडीवर पट्टा टांगायला खिळा कुठे असायचा? मी लहानपणी तोंड फिरवायचो, पण बघायचो."

बापाने दिलेला वस्तरा आणि गिरणीने दिलेले घट्टे. माझ्यासारख्या कारकुनाचा तळवा असता तर फाटलाच असता. सहदेवच्या तळव्यावर वस्तरा सटसट वाजत होता.

काका खुर्चीत बसले. त्यांच्या हनुवटीखाली जुन्या व्रणाची एक गाठ होती, तिथे चांगले चांगले कारागीर हात टेकायचे. सहदेवने साबण लावला, कातडी ताणली आणि त्या गाठीवरून असा काही वस्तरा नेला, की मी बाकाची कड घट्ट धरली. रक्त आलं नाही. पण काका तेवढ्यावर विश्वास ठेवणारे नव्हते. डोळ्यांना न दिसलेली जखम तुरटी सांगते. त्यांनी स्वतः तुरटी भिजवून गालभर, गळाभर खसाखसा फिरवली. आम्ही दोघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. ते तोंड जराही वाकडं झालं नाही.

त्यांनी सहदेवचा डावा हात ओढून उजेडात धरला आणि घट्ट्यांवरून आपला अंगठा फिरवला. या वेळी तो अडकला नाही.

"फुकट नाय गेली रे," ते म्हणाले.

मग टॉवेलने दुसरी खुर्ची झटकली आणि माझ्याकडे वळले.

"तुमी हसलात ना मगाशी? बसा."

मी बसलो आणि मान वर केली.