शांत माणसाची मोटरसायकल

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर तो दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जाऊन आला आणि बायकोच्या नशिबी एक शांत माणूस आला. बुद्धाचं त्याला एवढंच कळलं होतं की आवाज उठतो, विरतो. आपण हलायचं नाही.

रोज सकाळी तो आपली चाळीस वर्षांची मोटरसायकल दारात चालू करी, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून आतला आवाज ऐकत बसे. याला तो साधना म्हणे.

त्या दिवशी बायको न्हाणीघरात घसरून पडली. "अहो!" तिने हाक मारली. त्याला ती स्पष्ट ऐकू आली. हाक उठली आहे, विरेल, असं त्याने मनाशी म्हटलं. दुसरी आली. तिसरी जरा बारीक आली. मग खरंच विरली. आपली प्रगती बघून त्याला भरून आलं.

तेवढ्यात इंजिनात टिक झालं. ताडकन उठून तो अनवाणीच घरात धावला.

"अगं, दहाचा पाना कुठे ठेवलास?"

दोनदा विचारलं, तरी उत्तर नाही. या बाईला एका हाकेत ओ द्यायला कधी जमलंच नाही, असं पुटपुटत तो कपाट उचकू लागला.