दांडी, पाट आणि वसंताचं ताट

माझा मेव्हणा वसंता जाऊन वर्ष झालं, तरी मला अजून त्याचा हेवा वाटतो.

वसंता धुळ्याला टीव्ही दुरुस्त करायचा. मी जळगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. तो एसटीतून उतरून आला की माझी तेव्हा आठ वर्षांची मीनू "मामाऽ!" करत फाटकापर्यंत धावायची. मी रोज कामावरून यायचो, तेव्हा "दूध आणलं का?" एवढंच विचारायची!

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम तेव्हा नवा होता. आमच्याकडचा मामानंच आणलेला (दुसरं कोण आणणार!). दसऱ्याला तो बंद पडलेल्या गेम पार्लरमधली जुनी लोखंडी जॉयस्टिक, म्हणजे खेळायची दांडी घेऊन आला. जीपच्या गिअरसारखी दणकट, वर लाल गोळा.

"मीने, भाऊबीजले येसु, तवय गेमले जोडी देसु."

मी ठरवलं, ती त्याच्या आधी आपण जोडायची. एकदा तरी तसंच "बाबाऽ!" ऐकायचं होतं.

वसंतानं चार वायरी पिळल्या असत्या आणि चहा मागितला असता. मी पडलो वाचणारा माणूस! इलेक्ट्रॉनिक्सची मासिकं पंधरा दिवस चाळून मी स्वतंत्र सर्किट बोर्ड करायला घेतला. तांब्याचा पत्रा चढवलेली पट्टी आणली, बायकोच्या, सुमनच्या नेलपॉलिशनं तिच्यावर रेषा ओढल्या. रेषांखालचं तांबं टिकतं, बाकीचं फेरिक क्लोराइडच्या पाण्यात विरघळतं. 'भांडं प्लास्टिकचंच घ्यावं' हे वाक्य पुढच्या पानावर होतं. मी हाताला आलेलं स्टीलचं ताट घेतलं आणि दिवसभर ठेवून दिलं.

"अहो, हे कुठलं ताट घेतलंत?" सुमन किंचाळली. "वसंतानं भाऊबीजेला दिलेलं! नाव आहे त्यावर!"

"घासून देतो ना."

"काय घासता? देवीचे व्रण बरे!"

बोर्ड मात्र झाला. दांडी जेवायच्या पाटावर ठोकली आणि मीनूला बसवलं. तिनं दांडी उजवीकडे ढकलली. पडद्यावरचा माणूस डावीकडे पळाला. वर ढकलली, तो खाली बसला.

"बाबा, हा ऐकतच नाहीये!"

मासिकातला नकाशा पट्टीच्या वरून पाहिलेला होता. मी तो खालच्या अंगाला जसाच्या तसा उतरवला होता. आरशातल्यासारखा तारांचा क्रम उलटा, म्हणून सगळं उलटं! 'बाबा' ऐकायला मिळालं खरं, पण सूर तो नव्हता. नवा बोर्ड करावा म्हटलं, तर सुमननं भांड्यांच्या कपाटाला कुलूप घातलेलं.

भाऊबीजेला वसंता आला. बोर्ड त्यानं बराच वेळ निरखला. मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा.

"दाजी, काम तं एक नंबर शे! बठ्ठं बराबर शे."

सगळं बरोबर म्हणता म्हणता त्यानं पाट उचलून पुढची बाजू मागे करून ठेवला. बस! उजवं उजवीकडे, वर ते वर.

"मीने, हाई तुना बाबानी बनाडेल शे, बरं का."

श्रेयसुद्धा मलाच देऊन टाकलं! एवढा राग मला आयुष्यात कधी आला नाही. आणि मीनू ओरडली, "मामाऽ!"

परवा वर्षश्राद्धाला सुमननं ते ताट काढून वसंताच्या फोटोपुढे ठेवलं. सगळीकडे खड्डे पडलेत. 'भाऊ वसंताकडून' ही अक्षरं मात्र त्या पाण्यानं आणखी खोल खाल्लीत; आता ती पुसायची नाहीत. मीनू त्यांवरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसली होती.

जन्मभर पुस्तकांत राहून माझ्या हातून एवढीच टिकाऊ अक्षरं उमटली, तीही मेव्हण्याच्या नावाची!